कंटाळा आला, भूक लागली, करमत नाही: सेबुआनोत हे सांगायचं कसं?

फिलिपिन्समध्ये दावाओला किंवा सेबूला डॉक्टरकी शिकायला निघालेल्या मुलामुलींना एजंट हमखास सांगतो, ‘तिकडे सगळे इंग्रजी बोलतात.’ खोटं नाही ते. वर्गात, बँकेत, मॉलमध्ये इंग्रजीवर निभावतं. पण वॉर्डातल्या खाटेवरची सत्तरीची आजी पोटात नेमकं काय होतंय ते इंग्रजीत सांगत नाही. खानावळीतली बाई जेवणाची चौकशी इंग्रजीत करत नाही. रूममेट रात्री घरी फोन लावून रडते तेव्हाही इंग्रजीत रडत नाही. फिलिपिनो सहकाऱ्यांबरोबर महिनोन्‌महिने जहाजावर काढणाऱ्या आपल्याकडच्या खलाशांनाही हे ठाऊक असतं: कामाचं बोलणं इंग्रजीत, मनातलं बिसायात.

बिसाया म्हणजेच सेबुआनो. सेबू, बोहोल, नेग्रोस बेटाचा पूर्व भाग, लेयतेचा काही भाग आणि मिंडानाओचा बराचसा मुलूख, इतका तिचा पसारा. बोलणारे सुमारे 2 कोटी. बोलणारी माणसं तिला घरात ‘बिसाया’ म्हणतात, पुस्तकात ती ‘सेबुआनो’ होते. भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपवर ‘फिलिपिनो’ म्हणून जे मिळतं ते टागालोग असतं, म्हणजे मनिलाकडची भाषा. दावाओत टागालोग समजते, सेबूतही समजते. पण तिथली बहुतेक माणसं आपसात ती बोलत नाहीत. तेव्हा निघण्याआधी सहा महिने टागालोग घोटून गेलात तर मेहनत फुकट जाणार नाही, पण चुकीच्या दारावर टकटक होईल.

भावना आणि शरीराच्या तक्रारी यांपासून सुरुवात करा असं मी सांगतो, कारण हे शब्द पहिल्या दिवसापासून लागतात आणि त्यांची वाक्यं दोन-तीन शब्दांची असतात. शिवाय मराठी माणसाला इथे एक आयता फायदा आहे. तो पुढे येईलच.

पहिली पायरी: जीभ तयार करा

सेबुआनो रोमन लिपीत लिहितात, पण वाचायची मात्र देवनागरीच्या कानाने. त, द, प, क हे वर्ण आपल्यासारखेच, फुंकर न घालता. इंग्रजी वाचायच्या सवयीने ट आणि ड करू नका. ‘कापोय’मधला शेवट ‘होय’सारखा, ‘उलाव’मधला शेवट ‘भाव’सारखा.

खरी मेहनत दोन ठिकाणी आहे. एक ङ. ‘वाङ्मय’ लिहिताना आपण तो काढतो आणि बोलताना गिळतो. सेबुआनोत तो रोजचा आहे, शब्दाच्या सुरुवातीलाही येतो: ‘ङानो’ म्हणजे का, ‘ङिपोन’ म्हणजे दात. रोमनमध्ये एन आणि जी जोडून लिहिलेलं दिसलं की ते ङ समजा. ‘मिङाव’ला ‘मिंगाव’ म्हटलंत तर लोक समजून घेतील, पण हसतील.

दुसरं, शब्दाच्या मधला झटका. ‘सिप्-ओन’ म्हणजे सर्दी. ‘सिपोन’ असं सलग म्हणायचं नाही; ‘सिप्’पाशी घसा क्षणभर मिटायचा आणि मग ‘ओन’. रोमनमध्ये तिथे छोटी रेघ असते. ती रेघ शोभेची नाही.

ओ आणि उ, ए आणि इ यांच्यात फार फरक करत नाहीत, तेव्हा ‘गुतोम’ आणि ‘गुतुम’ दोन्ही कानावर येतील. गोंधळू नका.

दुसरी पायरी: ‘आय अ‍ॅम’ विसरा, ‘मला’ आणि ‘मी’ आठवा

आता तो फायदा. इंग्रजीत सगळं एकाच साच्यात बसतं: मी भुकेला आहे, मी दमलेला आहे, मी रागावलेला आहे. मराठीत आपण तसं बोलत नाही. भूक ‘मला’ लागते, थंडी ‘मला’ वाजते, खोकला ‘मला’ होतो, कंटाळा ‘मला’ येतो. पण रागावतो ‘मी’, घाबरतो ‘मी’, लाजतो ‘मी’. आणि डोकं दुखतं ते ‘माझं’. काही गोष्टी बाहेरून येऊन अंगाला चिकटतात, काहींत आपण स्वतः जाऊन पडतो, काही एखाद्या अवयवाच्या असतात.

सेबुआनोतही ढोबळमानाने हीच वाटणी आहे. जे अंगावर येतं त्याला ‘गि-’ लागतो. ज्या अवस्थेत आपण जातो तिला ‘ना-’ लागतो. अवयवाचं असेल तर ‘साकित आकोङ’, म्हणजे ‘दुखतं माझं’, आणि पुढे अवयवाचं नाव.

गिगुतोम को: मला भूक लागली.
नासुको को: मी रागावलो.
साकित आकोङ उलो: माझं डोकं दुखतंय.

फरक एवढाच की आपण ‘मला’ आणि ‘मी’ बदलतो, ते तसं करत नाहीत. त्यांचा ‘को’ दोन्हीकडे तोच. बदलतो तो पुढचा प्रत्यय. हा ‘को’ पाहून हिंदीतला ‘मुझको’ आठवेल. नातं काही नाही, पण लक्षात राहायला बरं. शब्दांचा क्रम उलटा: आधी काय होतंय ते, मग कोणाला.

माणूस बदला, बाकी वाक्य तसंच राहतं. को म्हणजे मी, का म्हणजे तू, सिया म्हणजे तो किंवा ती, सिला म्हणजे ते. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत इंग्रजीवाले अडखळतात, आपण नाही: ‘मि’ म्हणजे आम्ही, ‘ता’ म्हणजे आपण. ‘गिगुतोम ना मि’ म्हटलं तर ‘आम्हाला भूक लागली, तुमचं तुम्ही बघा’. ‘काओन ना ता’ म्हणजे ‘चला, जेवू आपण’. लिंगाचा त्रास नाही. रागावलो, रागावले, दोन्हींना ‘नासुको को’.

प्रत्येक शब्द चोख या वाटणीत बसेलच असं नाही. अपवाद निघतील. पण पहिले काही महिने इंग्रजीतून भाषांतर करण्यापेक्षा मराठीतून अंदाज बांधा, नेम जास्त वेळा लागेल.

तिसरी पायरी: ‘गि-’चे शब्द

हे रोजच्या वापराचे. गिगुतोम को, भूक लागली. गिउहाव को, तहान लागली. गिकापोय को, दमलो. हा ‘कापोय’ शब्द तुम्ही दिवसातून इतक्या वेळा ऐकाल की पहिल्या आठवड्यातच तोंडात बसेल. काम संपल्यावर कापोय, जिना चढताना कापोय, परीक्षेच्या नुसत्या विचाराने कापोय. आपल्या ‘कंटाळा आला बाबा’चं कामही तो बऱ्याचदा करतो. निव्वळ रटाळपणासाठी मात्र ‘गिलाआयान को’. ‘लाआय काआयो’ म्हणजे फार रटाळ. तास, सिनेमा, माणूस, कशालाही चालतं.

गितुग्नाव को, थंडी वाजतेय. दावाओत थंडी कुठली, असं वाटेल. पण लेक्चर हॉलमधल्या एसीत हे वाक्य लागतं. थंड वस्तूला मात्र ‘बुग्नाव’: थंड पाणी बुग्नाव, थंड हवा तुग्नाव. उकडायला लागलं तर ‘गिइनितान को’. हवेत जो दमट, घुसमटवणारा उकाडा असतो त्याला ‘इगाङ’ असा वेगळा शब्द आहे. मुंबईकराला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

झोप येत असेल तर ‘गिकातुलोग ना को’. डुलक्या यायला लागल्या की ‘गिदुका को’. या ‘दुका’चा आपल्या दुःखाशी काही संबंध नाही, तेव्हा वर्गात शेजारी ‘गिदुका को’ म्हणाला तर सांत्वन करायला जाऊ नका.

परीक्षेच्या आधी छातीत जी धडधड होते ती ‘गिकुल्बाआन को’. ताप आला, ‘गिहिलांतान को’. खोकला झाला, ‘गिउबो को’. सर्दी झाली, ‘गिसिप्-ओन को’. काही शब्दांच्या शेवटी ‘आन’ लागतो, काहींना लागत नाही. त्याचा नियम शोधत बसू नका, अख्खा शब्द पाठ करा.

आता दोन शब्द जे कोणत्याही वैद्यकीय पुस्तकात नीट सापडणार नाहीत. वेळेवर न जेवल्याने पोटात कळ येते, हातपाय गळतात, थरथर होते. त्याला ‘पास्मो’ म्हणतात. नाश्ता न करता पोस्टिंगला गेलात की कोणीतरी बजावणारच. दुसरा ‘पानुहोत’. अंगात वारा शिरला, तो पाठीत किंवा खांद्यात अडकला, म्हणून दुखतंय, अशी ही समजूत. आपल्याकडच्या आजीचा ‘वात धरला’ आणि तिथल्या आजीचा पानुहोत एकाच घरचे. उपायही तोच, तेल लावून चोळणं. तिथे त्याला ‘हिलोत’ म्हणतात. रुग्ण ‘पानुहोत, दोक’ (दोक म्हणजे डॉक्टर) म्हणाला तर हसून उडवू नका. कुठे दुखतं, केव्हापासून, हे विचारा. त्या शब्दामागे साधा गॅस असेल, अवघडलेला स्नायू असेल, किंवा छातीतलं काही गंभीरही असेल.

चौथी पायरी: ‘ना-’चे शब्द

नालिपाय को, आनंद झाला. नासुको को, रागावलो. नाहाद्लोक को, घाबरलो. नाउलाव को, लाजलो किंवा ओशाळलो. नाबालाका को, काळजी वाटली. नालागोत को, वैतागलो. नालिबोग को, गोंधळलो. नालिङाव को, मजा आली, वेळ छान गेला. नासुया को, हेवा वाटला. नागुओल को, वाईट वाटलं, मन खट्टू झालं. यात थोडी काळजीही मिसळलेली असते. एखाद्याच्या बोलण्याने मनाला लागलं तर ‘नाहिउबोस को’. त्यातल्या ‘उबोस’चा अर्थ खाली. मन खाली गेलं.

कोणावर, कशाला, हे जोडायचं तर माणसासाठी ‘नाको’ (माझ्यावर) आणि ‘निमो’ (तुझ्यावर), बाकीच्यांसाठी ‘सा’. नासुको का नाको? म्हणजे माझ्यावर रागावलास? नाहाद्लोक को सा इरो, मी कुत्र्याला घाबरतो. गल्लीबोळांतून संध्याकाळी फिरणाऱ्यांना हे शेवटचं वाक्य लागेल.

नालुओय को, दया आली. पण ‘लुओय’ हा शब्द याहून पुष्कळ मोठा आहे. कोणाची बॅग हरवली, कोणी नापास झालं, रस्त्यात पावसात भिजलेलं पिल्लू दिसलं, की आजूबाजूच्या बायका एका सुरात ‘लुओय काआयो!’ म्हणतात. आपलं ‘बिच्चारं गं!’ म्हणताना जो स्वर लांबतो, अगदी तोच.

भावना ज्याच्यामुळे होते त्याला ‘माका-’ लावायचा. माकाहाद्लोक, भीतीदायक. माकालागोत, वैताग आणणारं. एखाद्याचा स्वभावच तसा असेल तर लाजाळू म्हणजे ‘माउलावोन’, आनंदी म्हणजे ‘मालिपायोन’. आणि चांगल्या स्वभावाच्या, सालस मुलाला ‘बुओतान’. तुमच्याबद्दल घरमालकीण शेजारणीला ‘बुओतान’ म्हणाली की समजा, तुमचं तिथे बस्तान बसलं.

‘मिङाव’

या एका शब्दाला वेगळी जागा देतो, कारण घर सोडून गेलेल्याला तो सगळ्यात आधी लागतो.

गिमिङाव को. मला करमत नाही.
गिमिङाव को निमो. तुझी आठवण येते.
गिमिङाव ना को सा आमो. आमच्याकडची आठवण यायला लागली आहे.
मिङाव काआयो दिरि. इथे फार सुनं सुनं आहे.

जागा सुनी असते तीही मिङाव आणि माणसाला करमत नाही तेही मिङाव. गुड फ्रायडेला, म्हणजे तिथल्या ‘बिएर्नेस सान्तो’ला, दुकानं बंद, रस्ते रिकामे, तेव्हा सगळं शहर मिङाव असतं. आणि ‘सा आमो’ म्हणजे अक्षरशः ‘आमच्याकडे’: पुण्यातला नगरकर ज्या अर्थाने ‘आमच्याकडे असं नसतं’ म्हणतो त्या अर्थाने. घर हा शब्द न घेता घर आलं.

हे बोलायला लाजू नका. ‘गिमिङाव को सा आमो’ म्हणालात की समोरची व्यक्ती विषय बदलत नाही. आई कुठे असते, भावंडं किती, तिकडे काय खाता, हे विचारते. तिथल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी सौदीत, दुबईत, हाँगकाँगला किंवा जहाजावर असतं. करमत नाही हे सांगण्यात त्यांना काही वावगं वाटत नाही.

पाचवी पायरी: दुखणं

ही पायरी डॉक्टर होणाऱ्यांनी दोनदा वाचावी. बाकीच्यांनी निदान ‘साकित आकोङ’ एवढं तरी घ्यावं.

उलो डोकं, तियान पोट, लिकोद पाठ, दुग्हान छाती, तुतुन्लान घसा, ङिपोन दात, तिइल पाय, कामोत हात. यातला कोणताही शब्द ‘साकित आकोङ’पुढे ठेवा, वाक्य तयार. 1521 मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी मॅगेलनच्या ताफ्यातल्या पिगाफेटा या इटालियन प्रवाशाने सेबूत उतरल्यावर तिथल्या शब्दांची यादी करून ठेवली होती, तीतही अवयवांची नावं बरीच आहेत. बोट दाखवून विचारता येतं ना! तुम्हीही तसंच करा.

दुखण्याचे प्रकार सांगायला आपल्याकडे ठणकणं, चुरचुरणं, मुंग्या येणं असे शब्द आहेत, त्यांच्याकडेही आहेत. ‘ङुत्ङोत’ म्हणजे ठणका, दाताचा विशेषतः. ‘हाप्दोस’ म्हणजे चुरचुर, आग. जखमेची आणि रिकाम्या पोटातलीही. ‘कातोल’ खाज. ‘बिन्होद’ म्हणजे पायाला मुंग्या येऊन तो बधिर होणं. ‘नालिपोङ को’, चक्कर आली. ‘कासुकाओन को’, ओकारीची भावना होतेय; झाली असेल तर ‘नाग्सुका को’. जुलाबासाठी सगळे सर्रास ‘एलबीएम’ (इंग्रजी ‘लूज बॉवेल मूव्हमेंट’ची आद्याक्षरं) म्हणतात, तुम्हीही म्हणा.

नेमकं काय ते सांगता येत नसेल, नुसतंच बरं वाटत नसेल, तर ‘लाइन आकोङ पामिनाव’. ‘लाइन’ म्हणजे वेगळं, ‘पामिनाव’चं मूळ ऐकण्याशी आहे. स्वतःच्या अंगाला कान लावला तर ते आज वेगळं वाजतंय. रुग्ण हे वाक्य फार वापरतात, आणि पुढे काही न बोलता तुमच्याकडे पाहत बसतात. तेव्हा विचारणं तुमच्यावर येतं. ते साधारण असं चालतं:

— नाङ, उन्साय इमोङ गिबाति? (मावशी, काय होतंय तुम्हाला?)
— साकित आकोङ तियान, दोक. (पोट दुखतंय, डॉक्टर.)
— आसा दापित? (कुठल्या बाजूला?)
— दिरि. (इथे.)
— कानुस्-आ पा नाग्सुगोद? (कधीपासून सुरू झालं?)
— गाहापोन पा. (कालपासून.)
— नाग्सुका का? (उलटी झाली?)
— वाला, पेरो कासुकाओन को. (नाही, पण मळमळतंय.)
— साकित काआयो ओ गामाय रा? (खूप दुखतंय की थोडंच?)
— साकित ग्युद, दोक. (खरंच दुखतंय हो.)

यातला ‘नाङ’ सोडू नका. टागालोगमध्ये वाक्यागणिक आदराचा ‘पो’ येतो. बिसायात तो नाही, म्हणून नवखे समजतात की इथे मानपान नाही. मान नात्याच्या शब्दात असतो. वयाने मोठ्या बाईला ‘नाङ’ किंवा ‘मानाङ’, मोठ्या पुरुषाला ‘नोङ’ किंवा ‘मानोङ’, थोरल्या बहीणभावाच्या वयाच्यांना ‘आते’ आणि ‘कुया’. तुमच्याहून लहान मुलाला ‘दोङ’, मुलीला ‘दाय’. नुसतं ‘उन्साय इमोङ गिबाति’ म्हटलं तर फॉर्म भरून घेतल्यासारखं ऐकू येतं.

आणि ‘बाति’बद्दल सावध. ‘गिबाति’ म्हणजे जाणवणं. पण बाई ‘नाग्बाति’ आहे असं नातेवाईक धावत सांगायला आले तर तिला प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या आहेत. तिथे ‘म्हणजे नक्की काय जाणवतंय?’ असं विचारत उभे राहू नका.

सहावी पायरी: कमी-जास्त करा, नाही म्हणा

‘काआयो’ मागे लावला की खूप: कापोय काआयो. ‘गामाय’ म्हणजे थोडं. ‘ग्युद’ म्हणजे खरंच. कानाला तो ‘जुद’ असा येतो. ‘ना’ म्हणजे आता, एव्हाना; ‘पा’ म्हणजे अजून. ‘बुसोग पा को, सालामात’ (अजून पोट भरलेलं आहे, धन्यवाद) हे वाक्य तर पाठच करा. कोणाच्याही घरी जा, ‘निकाओन ना का?’ (जेवलास का?) विचारून ताट पुढे येतंच, आणि शाकाहाऱ्याला त्यातलं चालेलच असं नाही.

मूळ शब्दाला नुसता ‘आ’ जोडला की उद्गार होतो. कापोया उय! इनिता उय! मिङावा दिरि उय! हा ‘उय’ आपल्या ‘बाई गं’ किंवा ‘बाबा’च्या जागी बसतो. ठेच लागली तर ‘आगाय!’, दचकलात तर ‘हाला!’. बाकी ‘यावा’, ‘पिस्ति’, ‘गिआताय’ हेही कानावर येतील, मित्रामित्रांत हसत-खेळत येतील. त्या शिव्या आहेत. निदान पहिलं वर्ष ऐकण्यापुरत्याच ठेवा.

नकाराचे दोन शब्द. जे घडलं नाही, झालं नाही, त्याला ‘वाला’: वाला को मासुको, मी रागावलो नाही. त्यात ‘नासुको’चा ‘मासुको’ होतो, लक्ष असू द्या. आवड-निवड, गुण, पुढचं, यांना ‘दिलि’: दिलि को गानाहान, मला आवडत नाही किंवा नको. सेबू शहरात स्वरांमधला ल गळतो, ‘वाला’चा ‘वा’ होतो. ‘वा को मासुको’ ऐकलंत तर बावरू नका. आणि बोहोलकडची माणसं य च्या जागी ज म्हणतात, ‘काआयो’चा ‘काआजो’.

सातवी पायरी: समोरच्याचं ऐकून काय म्हणायचं

आपलं सांगता आलं म्हणजे अर्धं झालं. समोरचा ‘नागुओल को’ म्हणाला आणि तुम्ही नुसती मान हलवलीत तर गाडी तिथेच अडते. आधी ‘ङानो मान?’ विचारा: का रे, काय झालं? ऐकताना मधूनमधून ‘माओ बा?’ (हो का?) आणि ‘बिताव’ (हो ना, खरंय) टाकत राहा.

धीर द्यायला ‘आयाव’ पुढे ‘का-’. आयाव काबालाका, काळजी करू नकोस. आयाव काहाद्लोक, घाबरू नकोस. आयाव कासुको, रागावू नकोस. आयाव काउलाव, लाजू नकोस. हे शेवटचं जेवणाच्या टेबलावर तुम्हालाच ऐकवलं जाईल. दमलेल्याला ‘पाहुवाय सा’, आधी जरा आराम कर. आणि जिथे करण्यासारखं काही नाही तिथे ‘सिगे लाङ’, आपलं ‘जाऊ दे, चालायचंच’.

‘कुमुस्ता का?’ (कसा आहेस?) याला लांब उत्तराची अपेक्षा नसते. ‘ओके रा’ पुरतं. रोजच भेटणाऱ्याला ‘माओ रा गिहापोन’ म्हणा, म्हणजे ‘चाललंय तसंच’. एवढ्यावर खानावळवाल्या बाई तुम्हाला आपलं मानायला लागतात.

तान्ह्या बाळाचं कौतुक करायचं असेल तर मात्र सोबत ‘पुर्या बुयाग’ म्हणायचं. दृष्ट लागू नये म्हणून. विसरलात तर बाळाची आजी स्वतः म्हणेल, पण तुमच्याकडे बघून.

टागालोग येत असेल तर

तीन शब्दांपाशी थांबा. ‘लिबोग’ बिसायात साधा गोंधळ आहे; टागालोगमध्ये तो कामवासना आहे. दावाओतल्या वर्गात ‘नालिबोग को’ बिनधास्त म्हणा, मनिलाच्या विमानतळावर म्हणू नका. ‘सुको’ इथे राग, तिकडे शरणागती. आणि ‘पुसो’ टागालोगमध्ये काळीज, पण सेबूत नारळाच्या पात्यांच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला भात, जो भाजलेल्या मांसाबरोबर टपरीवर टांगलेला असतो. सेबूत काळजाला ‘कासिङ्कासिङ’ म्हणतात. प्रेमात पडलात तर तेवढं जपा. ‘नाहिगुग्मा को निमो’ (तुझ्या प्रेमात पडलोय) म्हणायची वेळ आली की बाकीची भाषा आपोआप येते म्हणतात.

सराव

वहीत शब्दांची यादी करू नका, ती वाचली जात नाही. त्याऐवजी दिवसभरात स्वतःला जे होतं ते त्या क्षणी मनात सेबुआनोत म्हणा. जिना चढताना गिकापोय को. लिफ्ट बंद दिसली, कालागोत (काय वैताग)! मेसमध्ये रांग, गुतोम ना को. सुरुवातीला ‘को’ची वाक्यं, ती सुटी झाली की ‘का’ लावून दुसऱ्याला विचारा. गिकापोय का? गिगुतोम ना का? प्रश्नासाठी वेगळी रचना लागत नाही, स्वर चढवला की झालं.

मेसेजमध्ये हेच शब्द अर्धे कापलेले येतात. ‘काआयो’ बहुतेक जण के, ए, ए, यू असा लिहितात, ‘दिलि’तला पहिला स्वर गाळतात. मोठ्याने वाचा, कळतं. शब्द अडला तर जॉन वुल्फ यांचा 1972 चा सेबुआनो-इंग्रजी शब्दकोश इंटरनेटवर मोफत मिळतो आणि अजूनही त्याच्याइतका भरवशाचा दुसरा मला दिसलेला नाही. फक्त त्यात ए आणि ओ घेतलेले नाहीत, सगळीकडे इ आणि उ. तेव्हा ‘गुतोम’ शोधताना ‘गुतुम’ टाका आणि ‘कापोय’साठी ‘कापुय’, नाहीतर शब्द नाहीच असं वाटून कोश बंद कराल.